साइट स्वस्त झाली, पण डोमेन कुणाच्या खात्यात आहे?

कोल्हापुरात धंदा ऑनलाइन न्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती लाख घालायचे?" लाख लागत नाहीत ओ. तयार साचे मिळतात, चार पानांची साइट रात्री दुकान बंद केल्यावर बसून होते. साइट बनवायचं सॉफ्टवेअर वर्डप्रेस 2003 पासून फुकट आहे. साइट सुरक्षित दाखवणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग चढवायला पैसे पडत नाहीत. कार्डानं पैसे घ्यायचे तर पेमेंट गेटवे, म्हणजे ते पैसे तुमच्या खात्यात पोचवणारी सेवा, साधारण दोन टक्के कापतं, ते दरात धरा.

मजकूर एआयकडून लिहून घ्या हवं तर, पण "अस्सल चवीचा अनोखा अनुभव" असलं काही छापू नका. आमची कांदा-लसूण चटणी आहे. गिऱ्हाईक विचारतं ब्याडगी मिरची किती, संकेश्वरी किती, डंकावर कुटली का. तेवढंच लिहा.

आता मी जिथं अडकलो ते नीट वाचा. साइट करणारा म्हणाला, "सगळं माझ्यावर सोडा." पैसे माझे, पावती माझ्या दुकानाच्या नावाची, आणि डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, त्याच्या खात्यात, त्याच्या ईमेलवर. डोमेन कायमचं विकत मिळत नाही, गाळ्यासारखं भाड्यानं असतं. भाडेकरू कोण, हे तुमची पावती ठरवत नाही, रजिस्ट्रारकडची, म्हणजे डोमेन देणाऱ्या कंपनीकडची नोंद ठरवते. मुदत संपत आल्याच्या सगळ्या मेल त्याला गेल्या. तो तोवर पुण्यात नोकरीला लागलेला. ऐन उन्हाळ्यात, लोक वर्षाची चटणी करून ठेवतात त्या दिवसांत, साइट बंद. दुकानाचा ईमेलही बंद, कारण तो त्याच डोमेनवर.

डॉट कॉमची मुदत संपली की बहुतेक रजिस्ट्रार काही दिवस थांबतात. नाव रद्द झाल्यावर 30 दिवस ते सोडवता येतं, पण दंड जबर. पुढं 5 दिवसांनी ते कुणीही घेऊ शकतो. आणि त्या 30 दिवसांतही सोडवणार तो खातेदारच! तुम्ही पैसे हातात धरून बसा नुसते. साइटचा जुना पत्ता छापलेली लेबलं रद्दीत घातली मी.

म्हणून खातं स्वतःच्या ईमेलवर काढा, ओटीपी स्वतःच्या मोबाइलवर, कार्डही स्वतःचं. डोमेन आधीच दुसऱ्याकडं असेल तर संबंध गोड आहेत तोवर त्याच रजिस्ट्रारकडच्या तुमच्या नव्या खात्यात हलवून घ्या, आणि नोंदीतलं मालकाचं नाव बदललं का ते स्वतः उघडून बघा. गुगलवरच्या दुकानाच्या प्रोफाइलचंही तेच. मुख्य मालक तुम्ही, काम करणारा फक्त मॅनेजर. भाचा असला तरी.

ऑनलाइन धंदा शिकवणाऱ्या मेंटॉर लोकांबद्दल माझं मत वाईट आहे. ज्यानं स्वतः एक पुडकं कुरिअरला दिलेलं नाही, त्याच्या वर्गाची फी भरण्यापेक्षा त्या पैशात चांगले फोटो काढून घ्या. विकतचे फॉलोअर चटणी खात नाहीत.

पण घाबरून थांबू नका. जुन्या गिऱ्हाइकांकडं माझा नंबर होता, ती व्हॉट्सअ‍ॅपवर आली, नवं डोमेनही काही शे रुपयांत मिळालं. खायचा माल असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा नंबर आधी काढा. आणि चटणीला तेल सुटतं, तेव्हा सील केलेली पिशवी दुसऱ्या जाड पिशवीत घालूनच खोक्यात भरा, नाहीतर कुरिअरवाला पुढच्या वेळी पार्सल घेताना कटकट करतो.