हेपटायटिस बीच्या जुनाट रुग्णात ट्रेग पेशी (रोगप्रतिकाराला आवर घालणाऱ्या टी पेशी) कशा मोजाव्यात

लॅबमध्ये नवीन मुलं आली की मी पहिलं विचारते: हेपटायटिस बीची लस पूर्ण झालीय का? नसेल तर नमुन्याला हात लावायचा नाही.

हेपॅरिनच्या नळीतलं रक्त त्याच दिवशी वापरा. फायकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारं द्रावण) अलगद सोडा, सेंट्रिफ्यूजमध्ये 400 जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या 400 पट) 30 मिनिटं फिरवा, ब्रेक बंद ठेवून. मधला पांढुरका थर उचला, टी पेशी त्यातच असतात; तो धुवा. मेलेल्या पेशी ओळखणारा रंग आणि सीडी4, सीडी25, सीडी127 या पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांच्या अँटिबॉडी आधी लावा. फॉक्सपी3 हे ट्रेगची खूण असलेलं प्रथिन केंद्रकात असतं. त्याची अँटिबॉडी पेशी फिक्स करून, पडद्याला छिद्रं पाडल्यावरच.

फ्लो सायटोमीटरवर (रंगवलेल्या पेशी एकेक तपासणारं यंत्र) सीडी25 जास्त, सीडी127 कमी आणि फॉक्सपी3 असलेल्या जिवंत सीडी4 पेशी निवडा. नुसत्या फॉक्सपी3वर विसंबू नका, माणसाच्या उत्तेजित साध्या टी पेशीही ते काही काळ दाखवतात.

आकडा वाढलेला दिसला म्हणून ‘ट्रेग वाईट’ असं मला कुणी लिहून दाखवू नका. त्या सीडी8 पेशींना (विषाणू शिरलेल्या पेशी मारणाऱ्या टी पेशी) आवरतात, त्याने विषाणूला टिकायला मदत होते. पण यकृताची नासधूसही त्यामुळेच आटोक्यात राहते. म्हणून शेजारी एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) आणि विषाणूच्या डीएनएचं प्रमाण लिहा. रक्तातल्या आकड्यावरून यकृतातला आकडा ठरवू नका.