घरचा नॅस सापडत नाही? डिस्कला हात लावण्याआधी या चुका टाळा

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला, सगळ्यांच्या फाइल साठवणारा डिस्कचा डबा. लॅपटॉपवरच्या नेटवर्क ड्राइव्हला लाल फुली आली, मोबाईलचं फोटो बॅकअप अडकलं, टीव्हीवर सिनेमांची यादी येईना, की पहिला संशय डिस्कवर जातो. पण डिस्क खराब होते तेव्हा नॅस सहसा बीप देतो, त्या डिस्कचा दिवा नारिंगी किंवा लाल होतो आणि तरीही नॅस नेटवर्कवर दिसत राहतो. तो पुरता गायब झाला असेल तर बिघाड बहुधा वाटेत असतो: केबल, राउटर, आयपी पत्ता किंवा विंडोजचं एखादं सेटिंग. त्यामुळे शोध वाटेपासून सुरू करा. डिस्ककडे सगळ्यात शेवटी जा.

सगळ्यात महागात पडणारी चूक

नॅस दिसत नाही म्हणून त्यातली डिस्क काढून यूएसबीने पीसीला जोडणं. नॅसच्या डिस्कवर बहुतेक वेळा ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस ही फाइल सिस्टीम असते आणि ती विंडोजला वाचता येत नाही. विंडोज लगेच विचारतं, डिस्क फॉरमॅट करायची का? किंवा डिस्क मॅनेजमेंट उघडलं की 'इनिशियलाइज डिस्क'ची चौकट समोर येते. तिथे घाईत 'ओके' दाबलं गेलं, तर जो डेटा पूर्णपणे सुखरूप होता तोच धोक्यात येतो. दोन्ही ठिकाणी 'कॅन्सल' करा. डिस्क काढायचीच वेळ आली तर नॅस नीट बंद करून, प्रत्येक डिस्कवर कप्प्याचा क्रमांक मार्करने लिहून मगच काढा.

रीसेट बटणाचंही तसंच. सिनॉलॉजीच्या नॅसवर ते साधारण ४ सेकंद, एक बीप येईपर्यंत दाबलं तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड आणि नेटवर्क सेटिंग मूळ स्थितीला जातं, डेटा राहतो. त्यानंतर लगेच पुन्हा दाबून धरलं तर ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकण्याची तयारी सुरू होते. दुसऱ्या कंपन्यांच्या नॅसवर त्याच बटणाचा अर्थ वेगळा असू शकतो. आपल्या मॉडेलचं मॅन्युअल वाचल्याशिवाय त्या भोकात टाचणी घालू नका.

वाट कुठे तुटली ते आधी शोधा

नॅसच्या मागच्या लॅन पोर्टचे दिवे बघा. एकही पेटत नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये शोधण्यासारखं काही नाही, केबल किंवा पोर्ट बदला. दिवे पेटत असतील तर राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा आणि नॅसचा आयपी पत्ता लिहून घ्या. समजा तो १९२.१६८.१.५० आहे. आता कमांड प्रॉम्प्टमध्ये त्याला पिंग करा, म्हणजे 'आहेस का' असा छोटा संदेश पाठवा. उत्तर नीट वाचा, कारण निम्मं निदान इथेच होतं.

'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असं उत्तर आलं आणि ते तुमच्याच लॅपटॉपच्या पत्त्यावरून आलेलं दिसत असेल, तर त्या पत्त्यावर या नेटवर्कमध्ये कुणीच ओ देत नाही. नॅस बंद आहे, दुसऱ्या नेटवर्कवर आहे किंवा त्याचा पत्ता बदललाय. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत असेल तर मध्ये फायरवॉल, व्हीपीएन किंवा दुसरा राउटर असण्याची शक्यता जास्त. पिंगला उत्तर येतंय पण फोल्डर उघडत नाहीत, तर केबल आणि राउटरला सोडा. दोष फाइल शेअरिंगमध्ये किंवा लॉगिनमध्ये आहे. त्याची खात्री करायला पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड पोर्ट ४४५ साठी चालवा. 'ट्रू' आलं तर शेअरिंगची सेवा चालू आहे आणि अडचण बहुधा नाव-पासवर्डाची आहे. 'फॉल्स' आलं तर ब्राउझरमधून नॅसच्या पानावर जा (सिनॉलॉजीचं नेहमीचं पोर्ट ५०००, क्यूनॅपचं ८०८०) आणि एसएमबी (विंडोजची फाइल शेअरिंगची पद्धत) सेवा बंद पडली नाही ना, ते बघा.

एक गोष्ट लक्षात असू द्या. डिस्क झोपलेल्या असतील तर पहिलं फोल्डर उघडायला १० ते ३० सेकंद लागू शकतात. चार डिस्कच्या नॅसमध्ये त्या एकापाठोपाठ जाग्या होतात, मग आणखी वेळ जातो. तेवढ्यात एक्सप्लोरर बंद करून पुन्हा उघडण्यात अर्थ नाही.

एकाच घरात दोन राउटर

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ही अडचण सर्रास दिसते. फायबर देणारी कंपनी मुख्य दाराजवळच्या पेटीत किंवा टीव्हीमागे ओएनटी (फायबरची तार जिथे येऊन संपते तो डबा) बसवून जाते. तो नुसता मोडेम नसतो, स्वतःही राउटरचं काम करतो. त्याचं वायफाय आतल्या बेडरूमपर्यंत पोहोचत नाही म्हणून आपण वर स्वतःचा राउटर किंवा मेश (घरभर वायफाय पसरवणाऱ्या डब्यांचा संच) जोडतो. आता घरात दोन नेटवर्क झाली. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. नॅस मात्र ओएनटीला लावलेला आणि लॅपटॉप मेशवर.

अशा मांडणीत आतल्या राउटरवरचा लॅपटॉप बाहेरच्या नॅसला आयपी पत्त्याने गाठू शकतो, पण एक्सप्लोररच्या 'नेटवर्क'मध्ये नॅसचं नाव उमटत नाही, कारण नावाची हाक राउटर ओलांडत नाही. उलट बाजूने, म्हणजे नॅस आतल्या राउटरवर आणि टीव्ही ओएनटीच्या वायफायवर असेल, तर पत्ता टाकूनही काही होत नाही. आणि दोन्ही राउटर १९२.१६८.१ याच मालिकेतले पत्ते वाटत असतील तर लॅपटॉप नॅसला आपल्याच नेटवर्कमध्ये शोधत बसतो आणि पिंग कधीच पोहोचत नाही.

उपाय एकच आणि तो पक्का आहे: तुमचा राउटर किंवा मेश 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड'मध्ये टाका. काही मेशच्या अ‍ॅपमध्ये याला 'ब्रिज मोड' म्हणतात. मग पत्ते वाटण्याचं काम एकट्या ओएनटीकडे राहतं आणि सगळं घर एका नेटवर्कवर येतं. बदल केल्यावर नॅस, टीव्ही आणि लॅपटॉप एकदा बंद-चालू करा, म्हणजे नवे पत्ते घेतले जातील.

गेस्ट वायफायवर असलेल्या फोनला नॅस दिसणारच नाही. पाहुण्यांना घरातल्या यंत्रांपासून दूर ठेवणं हेच त्या वायफायचं काम आहे. काही राउटरमध्ये मुख्य वायफायलाही 'एपी आयसोलेशन' (वायफायवरच्या यंत्रांना एकमेकांपासून तोडणारं सेटिंग) चालू असतं, तेही तपासा.

पत्ता बदलला की वाट चुकते

ड्राइव्ह मॅप करताना, म्हणजे नॅसचं फोल्डर विंडोजमध्ये ड्राइव्ह म्हणून जोडताना, आपण नॅसचा पत्ता टाकतो आणि राउटर तो पत्ता कायमचा देईल असं धरून चालतो. राउटर तसं काही वचन देत नाही. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली, संध्याकाळी आली, सगळी यंत्रं एकदम चालू झाली, की ५० ने संपणारा पत्ता दुसऱ्याच कुणाला मिळू शकतो. नॅस राउटरच्या आधी जागा झाला तर तो स्वतःला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता देऊन बसतो. असा पत्ता दिसला की केबल १० सेकंद काढून पुन्हा लावा, नॅस नव्याने पत्ता मागतो.

यावर उपाय म्हणून नॅसमध्येच पत्ता पक्का करणारे बरेच आहेत. त्यात दोन खड्डे आहेत. राउटर १०० ते २०० ने संपणारे पत्ते वाटत असेल आणि तुम्ही नॅसला १०५ दिलात, तर कधीतरी एखाद्या फोनलाही १०५ मिळतो. मग नॅस मिनिटभर दिसतो, मिनिटभर नाही, आणि कारण सापडता सापडत नाही. दुसरा खड्डा इंटरनेट कंपनी बदलताना येतो. जिओच्या राउटरची मालिका १९२.१६८.२९ असते, इतर अनेक राउटर १९२.१६८.१ वापरतात. जुन्या मालिकेतला पक्का पत्ता घेऊन बसलेला नॅस नव्या राउटरखाली एकटा पडतो.

तो सोडवायला लॅपटॉप आणि नॅस थेट केबलने जोडा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, इथरनेटला हाताने पत्ता द्या: १९२.१६८.१.६०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. आता ब्राउझरमध्ये नॅसचा जुना पत्ता टाकला की त्याचं पान उघडेल. तिथे नेटवर्क 'डीएचसीपी'वर (राउटरकडून आपोआप पत्ता घेण्यावर) टाका, केबल राउटरला परत लावा आणि लॅपटॉपच्या इथरनेटचं सेटिंगही पूर्ववत करा. हे शेवटचं विसरलं की लॅपटॉपचं केबलवरचं इंटरनेट बंद राहतं. पत्ता पक्का करायचा तो राउटरमध्ये, 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' किंवा 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' या नावाखाली, नॅसचा मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क पोर्टचा कायमचा ओळख क्रमांक) देऊन.

विजेचं निघालंच आहे म्हणून: राउटर इन्व्हर्टरवर आणि नॅस साध्या प्लगवर ही मांडणी वाईट. दोन डिस्कचा नॅस साधारण १५ ते ३० वॉट घेतो, तेव्हा ६०० व्हीएचा छोटा यूपीएसही त्याला पुरतो. मात्र यूएसबी पोर्ट असलेला आणि तुमच्या नॅसला चालणाऱ्यांच्या यादीत असलेला यूपीएस घ्या, तरच बॅटरी संपत आल्याचं नॅसला कळतं आणि तो स्वतः नीट बंद होतो. नॅस इन्व्हर्टरवर ठेवणार असाल तर त्यावरची कळ 'यूपीएस मोड'वर हवी, नाहीतर वीज बदलताना नॅस झटक्याने रीस्टार्ट होऊ शकतो.

विंडोज अपडेटनंतर बंद पडलं तर

नॅस कालपर्यंत चालत होता आणि विंडोज ११ चं २४एच२ अपडेट आल्यापासून उघडत नाही, अशी तक्रार असेल तर नॅसमध्ये बिघाड शोधू नका. २०२४ च्या या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने दोन नियम कडक केले. एसएमबी साइनिंग (प्रत्येक संदेशावर खरेपणाची सही) सक्तीचं झालं आणि प्रो आवृत्तीत पासवर्डशिवायचा गेस्ट प्रवेश बंद झाला. म्हणून घरच्या लॅपटॉपवरही 'तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे' प्रवेश नाही, अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो आणि माणूस चक्रावतो. इंटरनेटवर त्याचा उपाय म्हणून साइनिंग आणि गेस्टची अडवणूक दोन्ही काढून टाकायला सांगतात. ते करू नका. नॅसवर घरातल्या प्रत्येकासाठी नाव आणि पासवर्ड असलेलं खातं तयार करा, फोल्डरला त्याची परवानगी द्या, एसएमबीच्या सेटिंगमध्ये कमाल आवृत्ती ३ आणि किमान २ ठेवा, नॅसचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा.

एसएमबी १ पुन्हा चालू करणं ही त्याहून जुनी आणि जास्त धोक्याची चूक. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरलं ते याच आवृत्तीतल्या त्रुटीतून. त्याच वर्षापासून विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती नसते. जुन्या टीव्हीला एसएमबी १ च लागत असेल तर टीव्हीसाठी नॅसवर डीएलएनए मीडिया सर्व्हर (टीव्हीला सिनेमे थेट पुरवणारी सेवा) चालू करा.

लॉगिनच्या चौकटीत लोक विंडोजचा पिन टाकतात. तिथे नॅसवरच्या खात्याचं नाव आणि पासवर्ड लागतो. विंडोज तुमचं मायक्रोसॉफ्ट खातं पुढे करत असेल तर नावाच्या जागी नॅसचं नाव, उलटी तिरकी रेघ आणि मग खात्याचं नाव असं लिहा. जुना पासवर्ड साठून राहिला असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन 'विंडोज क्रेडेन्शियल्स'मधली नॅसची नोंद काढा. एकाच नॅसला दोन वेगळ्या नावांनी जोडलं की १२१९ ही एरर येते. 'नेट यूज * /डिलीट' ही कमांड देऊन सगळ्या जोडण्या तोडा आणि एकाच नावाने परत जोडा.

आणखी एक जागा: सेटिंग्जमध्ये तुमचं वायफाय 'पब्लिक' आहे का ते बघा. तसं असेल तर विंडोज नेटवर्कवरची यंत्रं शोधतच नाही. घरच्या वायफायला 'प्रायव्हेट' करा.

घरातल्या सगळ्यांना नॅस उघडतो, एकाच लॅपटॉपवर नाही, असं असेल तर नॅसची 'ऑटो ब्लॉक' यादी बघा. पासवर्ड बदलल्यावर एखादं बॅकअप अ‍ॅप जुनाच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत राहतं आणि नॅस त्या पत्त्याला बंदी घालतो. आधी अ‍ॅपमधला पासवर्ड दुरुस्त करा, मग यादीतून पत्ता काढा. उलट क्रमाने केलं तर बंदी परत लागते.

हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांनी दिलेल्या लॅपटॉपचं गणित वेगळं आहे. ऑफिसचं व्हीपीएन चालू असताना सगळा प्रवास ऑफिसकडे वळतो आणि घरचं नेटवर्क दिसेनासं होतं. व्हीपीएन बंद करूनही उघडत नसेल तर कंपनीचं धोरण आडवं आलेलं असतं. ते बाजूला सारायच्या फंदात पडू नका, नॅससाठी घरचं यंत्र वापरा.

आयफोनवर आणि मॅकच्या सेक्वोया आवृत्तीपासून मॅकवरही प्रत्येक अ‍ॅपला 'लोकल नेटवर्क'ची परवानगी लागते. पहिल्यांदा चुकून 'नाही' म्हटलं असेल तर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये ती परत देता येते.

जोडला जातो, पण रांगतो

फाइल सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर सरकत नसेल तर तो आकडाच कारण सांगतो: जोडणी १०० एमबीपीएसवर अडकली आहे. गिगाबिटवर हा वेग ११० एमबीच्या आसपास असायला हवा. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. उरलेल्या चारांपैकी एक तार तुटली किंवा क्लिपमध्ये नीट बसली नाही तरी जोडणी तुटत नाही, गुपचूप खालच्या वेगावर उतरते. काही इमारतींत एकाच केबलमधल्या चार तारा लॅनला आणि दोन टेलिफोनला दिलेल्या असतात. भिंतीतला सॉकेट उघडून मोकळ्या तारा दिसतात का ते बघा. काही ओएनटीला एकच पोर्ट गिगाबिटचं असतं, बाकीची १०० ची. नॅस त्या एका पोर्टवर लावा.

पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून केबल घेताना 'कॅट ६' छापलेलं आहे एवढ्यावर समाधान मानू नका. एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. लांब पल्ल्यात अशी तार वेग पाडते आणि वाकवली की तुटते. आतपर्यंत तांबूस असेल तीच घ्या.

बाहेरून उघडत नसेल तर

राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुमची इंटरनेट कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते, ज्याला सीजीनॅट म्हणतात. अशा जोडणीवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची मागणी राउटरमधून नॅसकडे वळवणं) कितीही वेळा केलं तरी लागू पडत नाही. आणि पत्ता स्वतःचा असला तरी नॅसचं पान किंवा पोर्ट ४४५ इंटरनेटवर उघडं टाकू नका. जून २०२१ मध्ये डब्ल्यूडीच्या माय बुक लाइव्ह उपकरणांवरचा डेटा जगभरात असाच दूरवरून पुसला गेला. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर सॉफ्टवेअरने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप नॅसमधल्या फाइल कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्याऐवजी नॅसवर आणि फोनवर टेलस्केल हे व्हीपीएनचं अ‍ॅप टाका. ते सीजीनॅटमधूनही वाट काढतं आणि राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावं लागत नाही. फोनचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर नॅस उघडून बघा. घरच्याच वायफायवर उघडला तर बाहेरची वाट चालू आहे की नाही ते कळत नाही.