कंटेनर बंदरात लागण्याआधी: बनावट माल अडवण्याची तयारी

डुप्लिकेट माल न्हावा शेवाला उतरलाय, असा फोन आला की मग आपण कपाटातले कागद शोधायला बसतो. भोसरी-चाकणच्या कितीतरी छोट्या कारखान्यांत मी हे पाहिलंय. माझं काम ब्रेक पॅडचं. बनावट पॅड घाटात तापून निकामी झाला तर गाडीतल्या माणसांचं काय होईल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आपला हक्क कस्टम्सकडे आधीच नोंदवलेला असेल, तर नियमांनुसार ते असा माल बंदरातच अडवू शकतात. म्हणून ही तयारी, कोणताही कंटेनर वाटेत नसताना, आजच करून ठेवा.

पहिल्यांदा ट्रेडमार्कचा नोंदणी दाखला काढा आणि नीट वाचा. नुसता अर्ज केलाय, एवढ्यावर इथे काम भागत नाही. नोंदणी दहा वर्षांची असते, तेव्हा नूतनीकरणाची तारीख पाहा. दाखल्यावरचं नाव आणि कंपनीचं आजचं नाव एकच आहे ना, तेही पाहा. वडिलांच्या काळातली भागीदारी पुढे प्रायव्हेट लिमिटेड झाली, पण दाखला जुन्याच नावावर राहिला, हे आपल्याकडे सर्रास दिसतं. ती दुरुस्ती आधी. खोक्यावरच्या चित्राचा कॉपीराइट आणि आकाराची डिझाइन नोंदणी असेल तर तेही कागद जोडा. पैठणी किंवा कोल्हापुरी चपलेसारखं भौगोलिक मानांकन असलेल्या कारागीर संस्थांनाही हाच रस्ता खुला आहे आणि त्यांनी तो वापरावा, असं मला फार वाटतं. पेटंट मात्र २०१८च्या दुरुस्तीत या नियमांतून वगळलं गेलं.

हे नियम म्हणजे आयात मालाबाबतचे २००७चे बौद्धिक संपदा हक्क अंमलबजावणी नियम. त्यांखाली कस्टम्सकडे आपला हक्क नोंदवायचा असतो. अर्ज आइसगेट या कस्टम्सच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन होतो, फी दोन हजार रुपये. आयुक्तांचा होकार-नकार तीस कामकाजी दिवसांत कळायला हवा. अर्जात आपले अधिकृत आयातदार कोण, माल खरा कुठून येतो, हे स्पष्ट लिहा, नाहीतर आपलाच माल अडकेल. टॅरिफ कोड, म्हणजे कस्टम्सचा मालाच्या प्रकाराचा क्रमांक, भरताना एकावर थांबू नका. सुटे ब्रेक पॅड ६८१३ मध्ये दाखवता येतात, वाहनाचा भाग म्हणून ८७०८ मध्येही. बनावट माल आणणारा सोयीचा कोड निवडतो, आपण दोन्ही द्यावेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं: ओळखपुस्तिका. कंटेनर तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर दिवसभरात खेळणी, चार्जर, बेअरिंग, सौंदर्यप्रसाधनं असं सगळं येतं. तुमचा माल त्याने ओळखावा तर तो तुम्हीच शिकवायला हवा. आमच्या पॅडच्या पत्र्यावरचा नंबर ठोकून उठवलेला असतो, नख फिरवलं की लागतो. बनावट पॅडवर तोच नंबर शाईने छापलेला होता, बोट ओलं करून घासलं तर पुसट झाला. खोक्यावर ‘सावधान’ या शब्दातला काना गळून ‘सावधन’ झालं होतं. असे चार-पाच फरक मोठ्या फोटोंत, शेजारी शेजारी, एका पानावर एकच, असे दाखवा. आतली गुप्त खूण या पुस्तिकेत छापू नका, ती स्वतंत्र बंद पाकिटात द्या. आणि पुस्तिका पाठवून मोकळे होऊ नका. आपल्या उद्योजक संघटनेमार्फत कस्टम हाउसला विनंती करून अधिकाऱ्यांसमोर अस्सल आणि नकली नग हातात देऊन तासभर बोला. हक्कांची बाजू मांडण्याचं याहून परिणामकारक काम मला तरी माहीत नाही.

मग घड्याळ. माल अडवल्यापासून तीन दिवसांत त्या मालापुरता बॉण्ड, म्हणजे रकमेचं हमीपत्र, भरावा लागतो आणि दहा कामकाजी दिवसांत कस्टम्सच्या कारवाईत सामील व्हावं लागतं. योग्य कारण असेल तर आणखी दहा मिळू शकतात. तुमची नोंदणी नसताना कस्टम्सने स्वतःहून माल रोखला, तर हक्क नोंदवण्याची नोटीस देऊन अटी पूर्ण करायला अवघे पाच दिवस. मुदत चुकली की इतर बाबतीत नियमात बसणारा माल सुटतो. आमचा एक कंटेनर असाच गेला. नोंदीत नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा मोबाइल नंबर राहिला होता आणि ईमेल कोणी उघडलाच नाही. ते पॅड बाजारात गेले, याची टोचणी आजही आहे. म्हणून दोन माणसांचे नंबर द्या, दर तीन महिन्यांनी तपासा, आणि मुखत्यारपत्र मुंबईच्या वकिलाकडे आधीच तयार ठेवा.

पैशांची सोयही आधीच हवी. बॉण्ड मालाच्या किमतीच्या ११० टक्के, त्यावर २५ टक्के तारण. म्हणजे वीस लाखांच्या मालाला बावीस लाखांचा बॉण्ड आणि साडेपाच लाखांचं तारण. छोट्या कारखान्याला हा भार जड आहे, आणि संघटनांनी सरकारकडे तो कमी करण्याची मागणी लावून धरायला हवी. पण बँकेशी आज बोलून ठेवलं तर त्या दिवशी पळापळ होत नाही. माल अस्सल निघाला तर आयातदाराचं नुकसान भरून द्यायची हमीही आपण लिहून देतो, तेव्हा खात्री नसताना बोट दाखवू नका.

तपासणीला सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर उघडून तपासतात त्या गोदामात, जाताना अस्सल पॅड, रिकामं खोकं, व्हर्नियर आणि टॉर्च न्या. कंटेनरच्या आत अंधार असतो. प्रत्येक फरक मोजमापासह तिथल्या तिथे लिहून काढा, प्रतिज्ञापत्रात तेच लागतं. प्रवाशाच्या सामानातल्या घरगुती वापराच्या एखाद्या नगामागे शक्ती घालवू नका, तो या नियमांत येतच नाही.

शेवटी विल्हेवाट. हक्कभंग ठरलेला माल नष्ट करायचा की नेहमीच्या बाजाराबाहेर काढायचा, यावर तुमची हरकत विचारली जाते. वीस कामकाजी दिवसांत उत्तर दिलं नाही तर संमती धरली जाते. उत्तर द्या, नष्ट करा म्हणून लिहा, खर्च आपल्यालाच सोसायचा आहे हे धरून चला. आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा. पॅड सबंध भंगारात गेले तर नव्या खोक्यात भरून परत येतील. प्रत्येक नगाचा पत्रा दुमडलेला आणि अस्तर फुटलेलं डोळ्यांनी पाहूनच पंचनाम्यावर सही करा.