मेट्रोमुळेच भाव वाढला का? पैसे टाकायच्या आधी असं तपासा

नागपुरात वर्धा रोडला प्लॉट पाहायला गेलं की एकच ऐकू येतं, मेट्रो आली न भाऊ म्हणून भाव वाढले, आता घेऊनच टाका. आता खापरी ते सीताबर्डी मेट्रो मार्च 2019 मध्ये सुरू झाली हे खरं, त्यानंतर भाव वाढले हेही खरं असेल, पण मेट्रो"मुळे" वाढले हे अजून कोणी दाखवलंच नाही. कदाचित त्या बाजूला वस्ती आधीच वाढत होती म्हणून मेट्रो तिकडून नेली, किंवा होम लोन स्वस्त झालं न अख्ख्या नागपुरातच भाव चढले.

मग करायचं काय, तर जिथे मेट्रो नाही अशी जागा सोबत घ्या, समजा बेसा. आयजीआरच्या, म्हणजे राज्याच्या नोंदणी विभागाच्या, ई-सर्चवर दोन्हीकडचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहारांचे उतारे, काढा, रक्कम भागिले क्षेत्रफळ करा, 2019 च्या आधीचे रेट न नंतरचे रेट वेगवेगळे मांडा. भाव कुठे जास्त आहे हे पाहू नका, वाढ कुठे जास्त झाली ते पाहा. बेसाही तेवढाच वाढला असेल तर मेट्रोचं कारण टिकत नाही. आणि आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं रिलीज लेटर) झालेला प्लॉट आरएलवाल्याशीच ताडून पाहा, कारण आरएल मिळालं की बँकेचं लोन मिळणं सोपं होतं न तिथेच भाव उडी मारतो, श्रेय मात्र मेट्रोला जातं!

शेअरमध्येही हेच. पाऊस चांगला तर मार्केट वर, असं सगळेच म्हणतात, पण 2009 मध्ये मान्सून सरासरीच्या 78 टक्केच झाला आणि त्याच वर्षी सेन्सेक्स 80 टक्क्यांच्या वर चढला, कारण 2008 च्या पडझडीनंतर व्याजदर उतरले होते, बाहेरचा पैसा परत येत होता. 2014 न 2015 दोन्ही वर्षं पाऊस कमी, तरी एका वर्षी सेन्सेक्स जवळपास 30 टक्के वर न दुसऱ्या वर्षी 5 टक्के खाली. म्हणून कोणी दोन-तीन वर्षांचा मेळ दाखवला की ज्या वर्षी मेळ बसला नाही ते वर्ष आधी शोधा.

ट्रॅक्टर कंपनीचं वेगळं आहे, तिथे पाऊस, पीक, शेतकऱ्याच्या हातात पैसा, मग ट्रॅक्टर अशी साखळी सांगता येते. तरी पावसाचा अंदाज सगळ्यांनीच वाचलेला असतो, त्यामुळे तो शेअरच्या भावात आधीच धरलाय का हेही घेण्याआधी पाहायला पायजे.