मंतरलेलं रान लिहिताना या चुका टाळा

फँटसी कथेतलं पात्र मंतरलेल्या रानात शिरलं की पहिल्याच परिच्छेदात बहुतेक वेळा सगळं उरकलेलं असतं. निळसर धुकं, कुजबुजणारी झाडं, अंधारात लकाकणारे डोळे. पुढची तीस पानं वाचकाला भीती वाटत नाही, कारण भिण्यासारखं जे होतं ते दारातच दाखवून झालेलं असतं.

पहिली चूक इथेच होते. जादू आधी येते आणि झाडं नंतर. रान खरं वाटलं नाही तर त्यातली जादूही खरी वाटत नाही. दाट रानात ऊन खाली पोहोचत नाही, म्हणून जमिनीवर हिरवळ कमी आणि पाचोळा जास्त असतो. वारा वर शेंड्यांत ऐकू येतो, खाली हवा कोंडलेली असते. हे आधी लिहा. ‘झाडं गूढ दिसत होती’ या वाक्याने काहीच दिसत नाही. त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘वर वारा घोंघावत होता, खाली एक पान हलत नव्हतं. सकाळी तिने फांदीला बांधलेली चिंधी गाठीसकट तशीच होती. फक्त आता तिचा हात तिथवर पोहोचत नव्हता.’ जादू एवढीशीच आहे, पण तिच्याआधी खरा वारा आणि खरी गाठ आहे. रान चमकवायचंच असेल तर पानन् पान चमकवू नका. कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या काही बुरशी अंधारात खरोखर मंद हिरवट उजळतात. एका पडक्या ओंडक्यावरचा तेवढा उजेड पुरतो.

‘तो वाट चुकला’ एवढ्यावर भागवणं ही दुसरी चूक. आपल्याकडे याला चकवा इतका नेमका शब्द आहे, तर तो घडताना दाखवा. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जर्मनीतल्या जंगलात काही जणांना सरळ चालत राहायला सांगितलं होतं. सूर्य दिसत होता तेव्हा ते बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ झाकलेलं असताना चाललेले मात्र गोल फिरले आणि आपलीच वाट ओलांडून गेले, तरी त्यांच्या ते लक्षात आलं नाही. म्हणजे चकव्यासाठी मंत्राची गरज नाही, आधी सूर्य झाका. मग पात्राला चिखलात स्वतःच्याच पावलांचे ठसे दिसू द्या, पण अनवाणी. जादू तिथून सुरू होते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रानाला नियम नसणं. लेखकाला हवं तेव्हा झाडं हल्ला करतात, हवं तेव्हा वाट देतात. भागवतातली सुद्युम्न राजाची गोष्ट या दृष्टीने पुन्हा वाचा. मेरूच्या पायथ्याशी एक वन आहे. शंकर-पार्वतीच्या एकांतात एकदा ऋषी अवचित आले, पार्वती लाजली, म्हणून शंकराने म्हटलं की या जागेत जो पाऊल टाकेल तो स्त्री होईल. शिकारीला निघालेल्या सुद्युम्नाला यातलं काहीच ठाऊक नाही. तो आत शिरतो आणि स्त्री होतो, बरोबरचे लोकही होतात, आणि त्याचा घोडा घोडी होतो. मला ही घोडी फार मोलाची वाटते. तिच्यामुळे कळतं की हा सूड नाही, राजावर कुणाचा राग नाही. नियम त्याच्या येण्याआधीपासून आहे आणि तो कुणालाच सोडत नाही.

नायक शेवटी तलवारीने किंवा अचानक उगवलेल्या म्हाताऱ्याच्या मदतीने सुटत असेल, तर नियम ठरलेला नाही असं समजा. तो एका वाक्यात लिहा. तो का पडला, कुणाला लागू आहे आणि मोडला तर काय द्यावं लागतं, हेही लिहा. मग असा प्रसंग शोधा जिथे तो नियम तुमच्या पात्राच्या सगळ्यात हळव्या जागी बोट ठेवतो. माझा अनुभव असा, की अडलेलं प्रकरण बहुतेकदा इथेच सुटतं.

रानातला प्रत्येक जीव नायकाच्या जिवावर उठलेला असण्याचीही गरज नाही. ग्रिम बंधूंच्या परीकथेतली हॅन्सेल आणि ग्रेटेल ही भावंडं वाटेवर पावाचा चुरा टाकत जातात आणि पाखरं तो खाऊन टाकतात. पाखरांना फक्त भूक लागलेली असते. वैर नसतानाही मुलांची परतीची वाट पुसली जाते, म्हणून तो प्रसंग इतका झोंबतो.

आणि बाहेर पडताना घाई करू नका. पात्र रानातून सुटतं आणि पुढच्या प्रकरणात जणू काही झालंच नाही, असं फार वाचायला मिळतं. सुद्युम्न पूर्ण सुटत नाही. शंकराकडून मिळतं ते एवढंच, की एक महिना पुरुष, एक महिना स्त्री. तो राज्यावर परततो, राज्य करतो, पण प्रजा त्याच्यावर खूश नसते. तुमचं पात्र घरी पोहोचल्यावर त्याच्यात काय बदललंय हे सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात येतं, तो प्रसंग लिहा.