बाडेन-व्युर्टेमबर्गला निघण्यापूर्वी तिथल्या रोजगाराचे आकडे कसे वाचावेत

महाराष्ट्र शासन आणि जर्मनीचे बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य यांच्यात फेब्रुवारी 2024 मध्ये सुमारे 10,000 कुशल तरुणांना तिकडे पाठवण्याबाबत करार झाला, आणि तेव्हापासून जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आयटीआय व नर्सिंग कॉलेजांत जर्मनीचा विषय रोजचा झाला. अमळनेरची माझी भाची जीएनएम (नर्सिंगची पदविका) झाल्यावर जर्मन भाषेच्या वर्गाला जाऊ लागली, तेव्हा आम्ही दोघांनी एक शंभर पानी वही घेतली आणि त्या प्रदेशाची माहिती क्रमाने उतरवून काढली. ती पद्धत इथे देत आहे.

सुरुवातीला 'जर्मनीत माणसे हवीत' हे वाक्य बाजूला ठेवावे. नवापूरहून सुरतेला कामासाठी जाणारा माणूससुद्धा कोणत्या भागात, कोणते काम, खोली कितीला, हे विचारल्याशिवाय गाडीत बसत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर प्रदेशाचा आकार लिहावा. बाडेन-व्युर्टेमबर्गचे क्षेत्रफळ सुमारे 35,750 चौरस किलोमीटर, म्हणजे जळगाव जिल्ह्याच्या साधारण तिप्पट, आणि लोकसंख्या 1 कोटी 10 लाखांच्या थोडी वर आहे. जर्मनीत 2022 साली जनगणना झाली आणि देशाची लोकसंख्या आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे 14 लाखांनी कमी भरली. त्यामुळे जनगणनेपूर्वीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवून 'लोकसंख्या घटली' असा निष्कर्ष काढू नये. (आपण अजून 2011 च्या आकड्यांवर गणिते मांडतो, तेव्हा हसण्याचे कारण नाही.) एकूण आकड्यापेक्षा वयोगटांचा तक्ता अधिक बोलका असतो. तेव्हाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन्ही जर्मनी मिळून 1964 साली सुमारे 13 लाख 57 हजार बाळे जन्मली, हा तिथला उच्चांक. ती पिढी 67 व्या वर्षी, म्हणजे 2031 च्या सुमारास, निवृत्त होईल आणि तिच्यामागून येणाऱ्या पिढ्या संख्येने बऱ्याच लहान आहेत. माणसांची मागणी कुठून येते, याचे उत्तर बहुतांशी या एका तक्त्यात आहे.

पुढचे पान बेरोजगारीचे, आणि इथे सर्वाधिक गोंधळ होतो. 2024 साठी जर्मनीचा बेरोजगारीचा दर एका ठिकाणी 6 टक्के आणि दुसऱ्या ठिकाणी साडेतीन टक्क्यांच्या आसपास दिसला, तेव्हा भाची म्हणाली, "मामा, यातला एक खोटा असणार." दोन्ही खरेच होते. पहिला आकडा संघीय रोजगार संस्थेत नाव नोंदवलेल्यांचा असतो, आणि आठवड्याला 15 तासांपेक्षा कमी काम करणारा माणूसही तिथे बेरोजगार म्हणून नोंदलेला राहू शकतो. दुसरा आकडा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येचा, जिच्यानुसार आठवड्यात एक तास मोबदल्याचे काम केले तरी माणूस रोजगारात धरला जातो. म्हणून प्रत्येक आकड्यासमोर तो कोणत्या व्याख्येचा, हे लिहून ठेवावे. नोंदणीच्या हिशोबाने बाडेन-व्युर्टेमबर्गचा दर 2024 मध्ये चार टक्क्यांच्या थोडा वर, म्हणजे देशाच्या सरासरीहून बराच कमी होता. महिन्यांची तुलना करताना जानेवारीशी मागच्या वर्षीचा जानेवारीच लावावा, कारण कडाक्याच्या थंडीत बांधकामे थांबतात आणि आकडा वर चढतो.

आता अर्थव्यवस्था. हा कारखान्यांचा प्रदेश आहे. श्टुटगार्ट परिसरात मर्सिडीज-बेंझ, पोर्शे आणि बॉश, बोडेन सरोवराकाठी फ्रीडरिश्सहाफेनला मोटारींचे सुटे भाग बनवणारी झेडएफ, वाल्डोर्फला सॉफ्टवेअरची एसएपी, टुटलिंगनच्या आसपास शस्त्रक्रियेची उपकरणे बनवणाऱ्या लहानमोठ्या शेकडो कंपन्या, तर फ्रायबुर्गच्या बाजूला सेवाक्षेत्र आणि स्वित्झर्लंडमध्ये रोज कामाला ये-जा करणारे लोक. राज्यात 35 ग्रामीण जिल्हे आणि 9 शहर-जिल्हे आहेत. राज्याच्या सरासरीवर न थांबता आपल्याला मिळणाऱ्या जिल्ह्याचा आकडा काढावा. नंदुरबारची मजुरी ठरवताना पुण्याचा भाव कोणी लावत नाही.

एकाच वेळी कपात आणि टंचाई, दोन्ही बातम्या खऱ्या असू शकतात. झेडएफने जुलै 2024 मध्ये जर्मनीतील 14,000 पर्यंत नोकऱ्या 2028 अखेर कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्याच काळात रुग्णालये, वृद्धाश्रम व वीजजोडणीची कामे माणसांसाठी अडलेली होती. मोटार उद्योगातील फिटरने आणि परिचारिकेने एकाच बातमीवरून निर्णय घेऊ नये. संघीय रोजगार संस्था टंचाई असलेल्या व्यवसायांचे विश्लेषण दरवर्षी प्रसिद्ध करते. त्यात आपला व्यवसाय शोधावा. परिचारिकेला शिक्षणाची मान्यता आणि साधारणपणे बी-2 पातळीची (सहा पातळ्यांपैकी चौथी) जर्मन भाषा लागते, आणि मान्यता येईपर्यंत बहुधा साहाय्यकाचे काम व साहाय्यकाचाच पगार असतो. एजंट हे सहसा शेवटी सांगतो.

शेवटचे पान पैशांचे. रावेरच्या केळीबागायतदाराला जाहीर भाव आणि बांधावर हाती पडणारा भाव यांतले अंतर समजावून सांगावे लागत नाही. पगाराचेही तसेच असते. करारात लिहिलेला तो 'ब्रुट्टो', कर आणि विम्याचे हप्ते जाऊन खात्यात येतो तो 'नेट्टो', आणि एकट्या माणसाचा पाव ते तिसरा हिस्सा वाटेतच जातो. 1 जानेवारी 2026 पासून किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे, म्हणजे आठवड्याला 40 तास धरल्यास महिन्याला सुमारे 2,400 युरो ब्रुट्टो. भाड्यालाही दोन नावे आहेत: 'काल्टमीटे' म्हणजे नुसत्या खोलीचे, आणि 'वार्ममीटे' म्हणजे खोली उबदार ठेवण्याच्या खर्चासकट. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत बहुधा पहिलेच असते. नेट्टोमधून वार्ममीटे वजा करून उरलेली रक्कम वहीत लिहावी, आणि हाच हिशोब श्टुटगार्टसाठी व टुटलिंगनसारख्या लहान गावासाठी वेगवेगळा करावा. भाचीने तो केला, आणि दुसऱ्या दिवशी एजंटला फोन लावून पगाराच्या आधी गावाचे नाव विचारले.