कानात आवाज येतोय? झोपताना खोली अगदी चिडीचूप ठेवू नका

कानातली शिट्टी किंवा गुणगुण दिवसभर जाणवत नाही आणि पाठ टेकली की सुरू होते, असं बऱ्याच जणांचं होतं. आवाज वाढलेला नसतो. आजूबाजूचे आवाज थांबल्याने तो उघडा पडतो. म्हणून पंखा चालू ठेवा, किंवा मोबाइलवर पावसाचा एकसुरी आवाज लावून फोन उशीपासून जरा लांब ठेवा. आवाज किती मोठा ठेवायचा, हे इथे महत्त्वाचं. कानातला आवाज पूर्ण बुडवायचा नाही. दोन्ही ऐकू येतील, पण बाहेरचा किंचित खालीच राहील, इतपत ठेवा. पूर्ण झाकला तर मेंदूला त्याची सवय कशी होणार? गाणी किंवा बातम्या मात्र नकोत, लक्ष शब्दांकडे जातं आणि झोप उडते.

दिवसा उगाच कानात बोळे किंवा इअरप्लग घालून बसू नका, शांततेत तो आवाज जास्तच टोचतो. कर्णकर्कश गोंगाटात मात्र इअरप्लग जरूर घाला.

आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी गाठा.